सासवांची पात

आमच्या भागात वर्षातून एकदा दोन सुग्या हातात हात घालून येतात. एक ज्वारीची आणि दुसरी बोर्डाच्या परीक्षेची. परवा भूमहून वाशीला, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्याला, एसटीनं निघाले होते. पुढच्या बाकावर बारावीच्या दोन मुली बसल्या होत्या. मांडीवर गाईड, प्लॅस्टिकच्या पाकिटात हॉल तिकीट. एकीचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. खिडकीबाहेर माळावर पवनचक्क्या रमतगमत फिरत होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी बायका वाकून ज्वारी उपटत होत्या. वाळलेल्या पाल्याचा आणि मुळांबरोबर वर आलेल्या काळ्या मातीचा वास आत आला. झालं, माझं अर्धं मन बसमधून उतरून शेतात गेलं.

मी आता निवृत्त आहे. तीस वर्षं मी गट बांधले. किशोरींचे गट, अपंग मुलांच्या आयांचे गट, दारू सोडलेल्यांचे गट, पाण्यासाठी भांडणाऱ्यांचे गट. लोक विचारतात, म्हणजे तुम्ही नक्की काय करायचात? माझ्या सख्ख्या भावाला अजूनही वाटतं की मी गावोगाव सतरंज्या अंथरायचं काम करत होते. तो फारसा चुकत नाही. सतरंजी अंथरायची, माणसं गोळा करायची, आणि ती एकमेकांशी बोलू लागली की आपण हळूच मागं सरायचं, एवढंच ते काम. पण त्या मागं सरण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, कारण मला बोलायची भारी हौस.

परवाही वाशीला बोलायलाच चालले होते. एका संस्थेनं नवी पोरं कामावर घेतली आहेत, त्यांना गटकार्य शिकवायचं होतं. त्यातल्या एका मुलीनं फोनवर मला आधीच विचारून ठेवलं होतं, "मॅडम, गोलात बसवलं तरी बायका बोलत नसतील तर काय करायचं?" मी म्हटलं, "भेटल्यावर सांगते." सांगण्यासारखं माझ्याकडं एकच होतं, आणि ते एका ज्वारीच्या रानात मला शिकवलं गेलं होतं. तेही या कामात वीस वर्षं काढल्यावर, म्हणजे आता आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या वयात.

वाशीपासून आत, डोंगराच्या कडेला असलेल्या एका गावात तेव्हा माझा सासवांचा गट होता. हो, सासवांचा. आधी मी तिथं सुनांचा गट करायला गेले होते. तीन महिने घरोघर फिरले. सुना दारातून गोड हसायच्या, "येते की ताई" म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. कारण आतून सासूचा आवाज यायचा. मग मी म्हटलं, कुलूप तसंच ठेवून दार कशाला ढकलत बसायचं? सासवांनाच बोलवू. ऑफिसात सगळे हसले. एकानं तर विचारलं, "मॅडम, तुमच्या विम्याचं काय?"

सासवा मात्र आल्या. दर मंगळवारी दुपारी, मारुतीच्या पारापलीकडच्या समाजमंदिरात, डोक्यावरचा पदर नीट करत एकेक जण यायची. मी त्यांना गोलात बसवायचे. गोल ही माझी श्रद्धा होती. गोलात कुणी पुढं नसतं, कुणी मागं नसतं, सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात. सोलापूरला समाजकार्य शिकताना हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्यावर मार्कही मिळवले होते. एकेकीनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

पण ह्या काही एकेक करून बोलायच्या नाहीत. मी विचारायचे, "गोदाकाकू, घरात कसं चाललंय?"

"बरं हाय."

"सुनेशी पटतं?"

"न पटायला काय झालं? पुढचीला इचारा."

पुढचीही बरी असायची. तिच्या पुढचीही. गोल पूर्ण व्हायचा आणि गावात सगळं बरं निघायचं. सगळ्यांत म्हाताऱ्या जनामावशी, तोंडात दोनच दात, त्या तर मी तोंड उघडायच्या आधीच "बरं हाय" म्हणून मोकळ्या व्हायच्या. चहा मात्र छान रंगायचा. चहा घेताना गोल मोडायचा, त्या भिंतीला टेकून, दाराशी, उंबऱ्यावर कशाही बसायच्या आणि मग काय ती बडबड. मी वहीत लिहायचे: चर्चा झाली नाही. चहा घेतला. आता हसू येतं.

या गोदाबाई म्हणजे गावातलं वजनदार माणूस. अंगानं किडकिडीत, पण चाल अशी की समोरचा आपोआप बाजूला व्हावा. चार एकर रान, एक म्हैस. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर, पहाटे जायचा आणि रात्री यायचा. त्याची बायको मनीषा. सोयरीक गावातल्या गावातच झालेली, त्यामुळं मनीषाची आई सुभद्राबाई, तीही सासू झालेली, याच गटात असायची. आता सांगायला नको, पण सांगते: आमच्याकडं मुलीची आई विहिणीसमोर आवाज चढवत नाही. लेक नांदायला दिलेली असते. सुभद्राबाई गोलात गोदाबाईंच्या बरोबर समोर यायची आणि तासभर स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसायची. मला वाटायचं, बाई स्वभावानंच लाजरी असावी.

मनीषा अकरावी झाल्यावर लग्न होऊन आली होती. चार वर्षांनी तिला पुन्हा शिकायचं वेड लागलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते, हे तिला मीच सांगितलं होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "माझं काय न्हाय, आईला इचार." हे वाक्य आमच्याकडच्या नवऱ्यांना जन्मतःच पाठ असतं. मनीषाला आईला, म्हणजे सासूला, विचारायचा धीर झाला नाही. तिनं स्वतःच्या आईला सांगितलं, सुभद्राबाईनं घरातली कागदपत्रं काढून दिली, आणि फॉर्म गेला. सासूला योग्य वेळ बघून सांगू, असं मायलेकींचं ठरलं. योग्य वेळ काही येईना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तोवर ती भाकरी थापताना चुलीसमोर इंग्रजीच्या कविता म्हणायची, आणि गोदाबाईंना वाटायचं सून स्तोत्र म्हणते.

यातली लपवाछपवी मला माहीत नव्हती. मला एवढंच माहीत होतं की मनीषानं फॉर्म भरलाय. आणि एका मंगळवारी, गोल नेहमीसारखा गप्प बसलेला असताना, मला काय अवदसा आठवली कोण जाणे. वाटलं, आनंदाचा विषय काढला तर तोंडं उघडतील. मी अगदी उत्साहात म्हणाले, "सुभद्राबाईंचं अभिनंदन करा की सगळ्यांनी! त्यांची मनीषा यंदा बारावीला बसतीय ना?"

सुभद्राबाईचा चेहरा पांढरा पडला. गोदाबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग विहिणीकडं. मग सावकाश उठल्या, लुगड्याची धूळ झटकली.

"आस्सं," त्या म्हणाल्या. "गावाला ठावं हाय, ताईला ठावं हाय, इहीणबाईला ठावं हाय. ज्या घरात ती ऱ्हाती त्या घरालाच ठावं न्हाय." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "सुगीच्या दिसात परीक्षा? न्हाय व्हायची."

पुढच्या मंगळवारी मी एकटीच सतरंजीवर बसले होते. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या वेळी परत जाताना नळावर मनीषा भेटली. तिनं घागर खाली ठेवली नाही, तशीच कमरेवर घेऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, तुमाला कुणी सांगितलं हुतं बोलायला? आता पुस्तकं माळ्यावर गेली." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसत होती. पहिला पेपर बारा दिवसांवर आला होता, आणि मी त्या मुलीची परीक्षा बुडवली होती. त्या रात्री मी जेवले नाही, हे लिहायला लाज कशाला?

माफी मागायला गोदाबाईंच्या घरी गेले तर दाराला कडी. शेजारणीनं सांगितलं, सगळ्या रानात आहेत, आज गोदाबाईची सावड आहे. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून हिची ज्वारी काढायची, उद्या तिची, परवा तिसरीची. मजुरी नाही, फक्त फेड. मी चपला हातात घेऊन बांधावरून चालत गेले. पाहते तर गटातल्या नऊच्या नऊ जणी तिथं! सुभद्राबाईसुद्धा. मनीषा तेवढी म्हैस घेऊन ओढ्याकडं गेली होती. दोघी विहिणींचा अबोला होता, पण आधीच्या आठवड्यात गोदाबाई तिच्या रानात राबल्या होत्या, म्हणून ती यांच्या रानात आली होती. तोंडं फिरली म्हणून सावड मोडत नाही.

मी गोदाबाईंच्या मागं जाऊन उभी राहिले. "काकू, माझं चुकलं," म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. "बोलत बसाया येळ न्हाय. आलाव तर पात धरा."

पात म्हणजे काढणीला एकेकीनं आपल्या वाट्याला घेतलेल्या तीन-चार ओळी. सगळ्या एका रेषेत सुरू करतात आणि पुढं सरकत जातात. मी पदर खोचला. ज्वारी उपटायची युक्ती असते. दोन ताटं एका मुठीत धरायची, थोडं पिळायचं आणि कमरेतून ओढायचं. मी नुसत्या हातानं ओढत होते. दहा मिनिटांत तळवे लाल झाले, पाल्याची कुसळं गळ्यात गेली आणि अंगभर खाज सुटली. सगळ्या माझ्या पुढं निघून गेल्या. मला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि ताटं उपटल्याचा कर्रकर्र आवाज ऐकू येत होता.

आणि त्या बोलत होत्या.

कुणी कुणाकडं बघत नव्हतं. तोंडं सगळ्यांची ज्वारीकडं. पण एकीनं नवऱ्याच्या खोकल्याचं सांगितलं, दुसरीनं सून माहेराहून परत येईना त्याचं. मधेच हसू फुटायचं, मधेच कुणी नाक ओढायचं. ज्या प्रश्नांना सहा महिने "बरं हाय" मिळालं होतं, त्यांची उत्तरं मला पाठमोरी मिळत होती. मी लांब मागं राहून ऐकत होते आणि माझ्या गोलाबद्दल मला जे काही वाटत होतं ते लिहिण्यासारखं नाही. सहा महिने मी या बायकांना एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लावलं होतं. ज्यांना जन्मभर डोळ्याला डोळा न भिडवता बोलायची सवय, त्यांना.

भाकरीची सुट्टी झाली. ज्वारीची भाकरी, करडईची भाजी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. मला वाढलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही. पुन्हा पाती धरताना जनामावशी कंबर धरून कण्हायला लागल्या.

"सुभद्रे, तू माझ्या पातीत ये गं. हिकडं चढ हाय, माझं कंबरडं ऱ्हायना."

जनामावशींची पात गोदाबाईंच्या शेजारची. सुभद्राबाई क्षणभर घुटमळली आणि तिथं जाऊन वाकली. त्या रानात कुठंही चढ नव्हता, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं. तीस वर्षांत मी बरेच गट चालवणारे पाहिले, पण दोन दातांच्या त्या बाईइतकं काम समजलेलं कुणी पाहिलं नाही.

बराच वेळ दोघी शेजारी शेजारी ओढत राहिल्या. बाकीच्यांचा आवाजही कमी झाला होता. माझी पात त्यांच्या लगतचीच होती, म्हणून मागं राहूनही मला ऐकू आलं. सुभद्राबाई मान खाली घालूनच म्हणाली, "इहीणबाई, माझं चुकलं. तुमाला आधी इचारायला पाहिजे हुतं. पोरगी भ्याली. आन् तिच्यापरीस म्या जास्ती भ्याले."

कर्र, कर्र. गोदाबाईंनी चार ताटं उपटली, खाली आडवी टाकली.

"म्या काय वाघ हाय व्हय?"

मग जनामावशी लांबून म्हणाल्या, "हायस की." आणि सगळी पात हसली. गोदाबाई हसल्या नाहीत. पण त्यांचा हात थांबला. मग त्या बोलल्या ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आहे.

"मालक गेल्यापासून ह्या घरात काय बी झालं की मला शेवटाला कळतं, जनाक्का. पोरानं गाडीची नोकरी धरली, गाव आधी बोललं. हिनं फॉर्म भरला, गाव आधी बोललं. शिकू नको म्हनत न्हाय म्या. पर मला इचारलं आसतं तर मी न्हाय म्हनले आसते, का व्हय म्हनले आसते, ह्ये तरी मला कळू द्यायचं हुतं."

सुभद्राबाई रडत होती. रडता रडता ओढत होती, कारण पात मागं राहिली असती. मलाही रडू येत होतं, पण मी आधीच एवढी मागं होते की त्यानं काही फरक पडणार नव्हता. गोदाबाई पुन्हा वाकल्या. दोन-चार हात पुढं गेल्या आणि नेहमीच्या करड्या आवाजात विचारलं, "पेपर किती हायत?"

"सहा," सुभद्राबाई म्हणाली.

"सलग?"

"न्हाय. मधी मधी सुट्ट्या हायत."

"कागुद कुठाय?"

वेळापत्रकाचा कागद माझ्या पिशवीत होता. मी धावतच गेले. मग नऊ सासवा अर्ध्या काढलेल्या रानात उकिडव्या बसल्या आणि मी वाचत गेले. पुढं जे झालं त्याला माझ्या अहवालात रकानाच नव्हता. कुणाचं रान हलकं, कुणाची ज्वारी आधी वाळली, कुणाची आठ दिवस थांबेल, हे सगळं त्या बोटांवर मांडत गेल्या आणि पेपरांच्या तारखांना शेतं वाटून टाकली. गोदाबाईंचं सगळं रान पहिल्या पेपराआधी उरकायचं. इंग्रजीला जनामावशीची पट्टी. मराठीला लिंबाखालचं वावर. इतिहासाच्या दिवशी सुभद्राबाईचा राहिलेला तुकडा, कारण त्याला ऊन उशिरा लागतं. मनीषाच्या वाट्याची पात सगळ्यांनी मिळून ओढायची, आणि चैत्रातल्या येरमाळ्याच्या यात्रेआधी गावात एकही ताट उभं ठेवायचं नाही. गोलात नव्हे, रेषेतही नव्हे, कशाही बसून नऊ बायकांनी मिळून घेतलेला तो पहिला निर्णय. मी त्यात एकच शब्द बोलले. त्यांनी "समाजशास्त्र म्हंजी काय?" विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "हेच."

पहिल्या पेपराला वाशीच्या केंद्रावर मनीषाबरोबर कोण आलं असेल? गोदाबाई. धुतलेलं हिरवं लुगडं, हातात पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली दशमी. मला बघून म्हणाल्या, "पोरगी एकली कशी यील?" अकरा ते दोन त्या गेटसमोरच्या झाडाखाली बसून राहिल्या. हात रिकामा ठेवायची सवय नाही, म्हणून शेजारच्या पालकांच्या पोराचा सदरा उसवला होता तो शिवून दिला. सुई-दोरा त्यांच्या बटव्यात असायचाच.

वाशीच्या नव्या पोरांना मी परवा हे सगळं सांगितलं. गोल वाईट नाही, मी म्हटलं, पण आधी बघा, ही माणसं आपसूक कशी बसतात, कोणतं काम करताना बोलतात. मग तिथं जाऊन हात चालवा. हातांना फोड आले की कान आपोआप उघडतात. पोरं वहीत लिहून घेत होती. फोनवाल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग ती मुलगी पास झाली का?" सगळे तेच विचारतात. झाली, मी म्हटलं. पुढं नर्सिंगचा कोर्स झाला, आता भूमकडच्या एका उपकेंद्रात आहे. गेल्या दिवाळीला खव्याचे पेढे घेऊन घरी आली होती. पण खरं सांगू? मला तिचं पास होणं एवढं आठवत नाही. मला त्याच्या आधीचा निकाल आठवतो.

तो लागला तेव्हा उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. मनीषा इंग्रजीत नापास झाली होती. बाकी सगळ्यांत सुटली, एका इंग्रजीत राहिली. मला निकाल आधीच कळला होता आणि या वेळी मी तोंडाला कुलूप लावलं होतं. मंगळवारी समाजमंदिरात गेले. गावात कुजबुज सुरू झालेली असणार, सुगीत घर सोडून पोरीला परीक्षेला बसवलं आणि काय मिळालं? मला वाटलं, गोदाबाई आज येणार नाहीत. आता पुस्तकं पुन्हा माळ्यावर जाणार.

सासवा भिंतीला टेकून, उंबऱ्यावर, जमेल तशा बसल्या होत्या. सुभद्राबाई पार कोपऱ्यात, तोंडावर पदर. मी विषय काय काढावा या विचारात असताना गोदाबाई आल्या. आत येऊन बसल्या नाहीत. मधोमध उभ्या राहिल्या.

"आमची मनीषा इंग्रजीत राहिली," त्या म्हणाल्या. आवाज इतका मोठा की पारावरच्या पुरुषांनीही ऐकला असेल. "बाहीरनं कळायच्या आधी म्याच सांगते. पाच इषयात पास, एकात राहिली. आषाढात फिरून परीक्षा हाय."

कोपऱ्यात सुभद्राबाईचा हुंदका ऐकू आला. गोदाबाई तिच्याकडं वळल्या.

"आवो, रडताव कामून? ऐन खुरपनीत यील ती परीक्षा. पोरीची पात धरायला कोन कोन येनार, त्ये आधी सांगा."